कोपरा फाटलेलं कार्ड

बाबा, दादाच्या कार्डावरचं ते चित्र सापडलं. कालवा, त्यात कापसाच्या गाठींनी भरलेली नाव, मागे मशिदीचा मिनार. अकोल्याला रद्दीच्या दुकानात जुन्या वह्यांखाली होतं. तुम्ही सांगायचे तसाच नावेवरचा माणूस पाठमोरा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे नेऊन दाखवू कोणाला?

दादा लढाईवर मिसर देशात गेला तेव्हा मी तिसरीत होते. आपल्या शिवारात सगळीकडे पऱ्हाटी, कापसाचीच झाडं, आणि तुम्ही जऊळक्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायचे. डाकवाला आठवड्यातून एकदा यायचा, वाटेत भेटला की दादाचं कार्ड माझ्याच हाती देऊन पुढच्या गावी जायचा. घरात वाचता येणारी मी एकटी. अजून दिसतं मला, आई चुलीशी बसली आहे, तुम्ही उंबऱ्यावर, आणि मी दिव्याजवळ उभी राहून मोठ्यानं वाचते आहे. "वाटंत वाचू नोको," तुम्ही बजावून ठेवलेलं. "पोराचं बोलनं सगळ्यायनं संगच आयकाव." एरवी तुमचा शब्द मोडायची माझी हिंमत नव्हती.

त्या दिवशीच्या कार्डावर पिरॅमिडचं तिकीट होतं. मैत्रिणींपुढे मिरवायला मला ते हवंच होतं. थुंकी लावून निघेना, म्हणून मी कार्डाचा कोपराच फाडून घेतला आणि तिकीट पाटीच्या चौकटीत खोचलं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणी गेल्याची खबर, असं कार्ड घरात ठेवत नाहीत, हे मला नवव्या वर्षी कुठं ठाऊक? तुम्ही चित्र बराच वेळ पाहिलं, कार्ड उलटं केलं आणि तुमचं बोट त्या कोपऱ्यावर थांबलं. मी वाचायला हात पुढे केला. "नोको माय," तुम्ही म्हणाले, "लेकराच्या तोंडून हे आयकाचं नसते." तिथंच कार्डाचे तुकडे केले, नेऊन नाल्यात सोडले, आणि आईनं हंबरडा फोडला. कोपरा मीच फाडला हे बोलले असते तर मार पडला असता, फार तर चार दिवस उपाशी राहिले असते. पण बोलले नाही. दहाव्याला तुम्ही दादाच्या नावानं पाणी सोडलं तेव्हाही मी आईच्या मागे उभीच होते.

मग पलटणीचा कागद आला. शाळेतल्या गुरुजींनी तो वाचला. दादा गेल्याची तारीख आपल्या दहाव्यानंतरची होती, चांगली महिनाभर नंतरची. तुम्ही गुरुजींना तीनदा वाचायला लावलं. घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "म्या जित्या पोराचं पानी सोडलं. म्हनून गेला तो." मग माझ्याकडेच पाहून विचारलं, "कोन्या मुडद्यानं कोपरा फाडला असंल वं?" मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, पोरगी रडते आहे.

त्यानंतर तुम्हाला कार्डांचं वेड लागलं. लढाईवरून परतलेला कोणी दिसला की तुम्ही त्याच्यामागे. शेलूबाजारात एका शिपायानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तो आपली पेटी उघडून एकेक कार्ड पुढे धरायचा. "ये वाली है क्या, चचा?" त्रिपोली, ट्युनिस, अल्जीयर्स. बाजार, वेशी, खजुरीची झाडं. ते चित्र त्यात नसायचं, तरी तुम्ही कार्डं आणायचे आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. लोक हसायचे. मलाही तुमचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. एकदा विचारलंच, एवढं काहून शोधता? तुम्ही डबा मिटला. "चित्र तेच भेटलं त मांगचं लिवनं बी तेच असंल ना वं? तू वाचून दाखवजो मले." मी शिकलेली पोर. मी म्हटलं, हो बाबा, असेल.

हे एकच वाक्य मला झोपू देत नाही. तुम्ही त्या आशेवर मरेपर्यंत पायपीट केली. मी सासरी गेले, मास्तरीण झाले, तुमच्यामागं तो डबा माझ्याकडे आला आणि मीही रद्दीवाल्यांची दुकानं धुंडाळू लागले. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

तर हे घ्या, सापडलं. मागची बाजू कोरी आहे, बाबा. कोरीच असणार होती. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे, फाटक्या कोपऱ्यासकट, ते या कार्डावर ठेवून पाहिलं आणि परत उचललं. पाठवायला पत्ता नाही, म्हणून हे पत्रही त्याच डब्यात जाईल. पण तुम्ही वाटेत वाचू नको म्हणाले होते ना, त्या दिवशी मी वाचलं होतं. पहिल्यांदाच, आणि तेवढ्याच एका दिवशी. दादानं लिहिलं होतं, "बाबाले सांगजो, मी बरा आहो. इकडं बी पऱ्हाटीच हाय."