उलटे दिलेले दोन धागे

आई, एक गंभीर तक्रार आहे आणि ती ऐकून घ्यायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. तुझ्या हातमागानं सगळी पडवी गिळली आहे. चहाचा कप टेकवायला वीतभर जागा नाही. चार दिवस माहेरी आलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाईनं कप मांडीत धरून चहा प्यायचा का? वहिनीला म्हटलं, तर ती म्हणाली, पिऊन घ्या नि मागाच्या मागे बसा वन्सं, नव्या ताण्याचे उभे धागे ओवायचेत.

सुपारी सोलून झाली की घर रिकामं बसतं, म्हणून तू आम्हा सगळ्यांची नावं विणकामाच्या वर्गात घातली होतीस. बाबा पेपर वाचत कांड्यांवर सूत भरायचे; बातमी रंगली की कांडी फुगायची. दादा मागाच्या पायपट्ट्या एसटीचा ब्रेक दाबावा तशा दाबायचा. माझे काठ वाकडे. आणि वहिनी, लग्नाला सहा महिने झालेली, तिचा काठ पट्टीनं आखल्यासारखा. विणलेला धागा फणीनं किती जोरात ठोकायचा हे तू तिचं मनगट धरून दाखवायचीस. माझं मनगट तू शेवटचं कधी धरलं होतंस, मला आठवेना. शेजारच्या काकूंना तू सांगितलंस, "लेकीपरीस सुनेचा हात हलका हाय." मी मागच्या दारी भांडी घासत होते. त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

मग वर्गाच्या प्रदर्शनासाठी मागावर चादर लावायची ठरली. वहिनी मागाच्या पुढे बसलेली, मी मागे. मी एकेक धागा क्रमानं द्यायचा, तिनं तारेच्या आकड्यानं फणीच्या फटीतून ओढून ओवायचा. मधेच मी दोन धागे उलटे दिले. विणायला लागल्यावर कापडात रेघ उतरू लागली, आणि सगळं उसवायला वेळ नव्हता. ओवणारी ती, म्हणून चूक तिची. "ध्यान कुठं होतं गो तुझं?" एवढंच तू बोललीस. ती मान खाली घालून उभी. दुसऱ्या दिवसापासून पुढे मी. तू माझं मनगट धरलंस. आई, मला लाज नाही वाटली. बरं वाटलं. पुढच्या वर्षी तू गेलीस.

आता वहिनीकडे तालुक्यातल्या बाया शिकायला येतात. मी पेपरातल्या सदरात इतकी वर्षं लोकांची उणीदुणी काढते आहे, पण माझ्या लिहिण्यापुढे कुणी असं मांडी घालून बसलेलं नाही. तरी आज ती ओवलेला प्रत्येक धागा तीन-तीनदा चाचपते. मी विचारलं, एवढं कशाला? ती म्हणाली, "माझं ध्यान उडतं ना. सासूबाई तेव्हाच बोलल्या होत्या."

पंचवीस वर्षं, आई. प्रत्येक ताण्याला, प्रत्येक धाग्याला.

मी म्हटलं, "वहिनी, ती चूक तुझी नव्हती. धागे मीच चुकून उलटे दिले होते."

तिचा आकडा थांबला. फणीच्या फटीतून तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग तेव्हा बोलायचं होतं, वन्सं," असं म्हणाली आणि पुढच्या धाग्यासाठी हात पुढे केला. त्यानंतरचे धागे तिनं दोनदाच चाचपले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलं इथे लिहिते. मी तिला सांगितलं, चुकून दिले.