सहाव्या गाण्याची ओळ

४ मार्च

आईचा फोन. "म्हणजे तू नक्की करतोस काय रे तिथे?" पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सर नव्या अल्बमची परीक्षणं बोलतात, मी ती टाइप करतो, साप्ताहिकाला पाठवतो. "आणि वेष्टणं काढतो," म्हटलं तर हसली. "शाळा अर्धी सोडलेल्याला एवढं पुष्कळ!" चेष्टेत म्हणाली. लागलं थोडं.

पण वेष्टणं काढणं हेच मुख्य काम आहे, हे तिला कसं पटवायचं? अल्बम आला की नाव, फोटो, आभार, सगळं मी काढून माझ्या खणात टाकतो. सरांच्या हातात फक्त कोरी तबकडी. ते डोळे मिटून दोनदा ऐकतात. तिसऱ्यांदा ऐकता ऐकता बोलतात. परीक्षण पुरं झालं की मगच मी नाव सांगायचं — आणि नाव कळल्यावर एक शब्दही बदलायचा नाही!

काकू चहा देताना म्हणाल्या, "माझ्या भावाचा अल्बमही असाच ऐकला ह्यांनी. नाव कळलं, तरी ढिम्म. एका परीक्षणात माझं माहेर संपलं!"

सर म्हणाले, "वाईट गायला होता."

"गायला होता वाईट," काकू म्हणाल्या. "पण भाऊ होता."

७ मार्च

तिचा अल्बम आला.

८ मार्च

काल पुढे लिहवलं नाही.

पाकीट फोडलं आणि फोटोच समोर. केस कापलेत. चेहरा तोच, फक्त आता कुणीतरी नीट उजेडात बसवलेला. मी वेष्टण तीनदा वाचलं. आभारात तिचे गुरू, वादक, मावशी, ध्वनिमुद्रण करणारे. मी नाही. असायचं कारणही नाही. दोन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या शहरात गेली तेव्हा म्हणाली होती, "येशील ना?" मी म्हटलं, "बघतो." मग फोन कमी झाले. शेवटच्या फोनवर म्हणाली, "माझी वाट बघू नकोस हं." सहज म्हणाली, निघताना छत्री विसरू नकोस म्हणतात तसं.

आम्ही दोघं राहायचो ती खोली मी सोडलेली नाही. तिथेच राहतो. हे सरांना माहीत आहे. तिचं नाव-गाव नाही, पण एवढं माहीत आहे. "अरे मुंगी," मागे एकदा म्हणाले होते (मी एकेक अक्षर उचलून बघतो म्हणून मुंगी), "ती येणार नाही. दाराला कान लावून बसणं सोड."

सहाव्या गाण्याचं नाव आहे 'कडी'.

१० मार्च

पहिलं ऐकणं झालं. सर आरामखुर्चीत, मी टाइपरायटरपाशी. (कॉम्प्युटर आहे, पण सरांना टाइपरायटरचा आवाज लागतो.)

पहिली पाच गाणी कशी गेली कळलं नाही. सहावं सुरू झालं आणि मी ताठ बसलो. ती चाल आमच्या खोलीतली! ती खिडकीत बसून गुणगुणायची, मी रिकामा डबा मांडीवर घेऊन ठेका धरायचो. दुसऱ्या ओळीच्या मध्येच ती थांबायची, श्वास घ्यायला. ती थांबली की मीही थांबायचो. पुढे पुढे आम्ही दोघं बरोबर थांबायला लागलो होतो. तेव्हा शब्द नव्हते.

आता शब्द आहेत. कुणीतरी झोपताना कडी लावतो, परत उठून बघतो, परत उठतो. पांघरुणातून हसणारी बाई म्हणते — लागली आहे रे, ये आता.

मी उठायचो ना तसा! अजूनही उठतो.

मध्येच लक्षात आलं की माझं बोट टेबलावर ठेका धरतंय. घाईने हात मांडीखाली घेतला. सरांचे डोळे मिटलेले होते. नशीब!

मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. इतकं स्पष्ट वाटलं की काकूंनी विचारलं, "बरं नाही का रे तुला?"

१२ मार्च

दुसरं ऐकणं. एरवी सहाव्या-सातव्या गाण्याला एखादं 'हं' तरी येतं. आज फक्त एकदा डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी टाइपरायटरची फीत बदलायच्या निमित्ताने खाली वाकलो.

१३ मार्च

आज सर बोलले. मी टाइप केलं. जसंच्या तसं आठवतंय.

पहिल्या पाच गाण्यांचं कौतुक! "आवाजाला घाई नाही. नव्या गायिकांमध्ये हे दुर्मीळ झालं आहे." माझी छाती फुगली, जणू मीच गायलो. तबल्याबद्दल चार ओळी, तोंड भरून.

मग सहावं. सर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "लिही. सहाव्या गाण्यात घर आहे, पण गाणारी त्या घरात कधी राहिलेली नाही."

मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही. बोटांना काय कळतंय!

"वाचून दाखव," सर म्हणाले. वाचलं. त्या ओळीला माझा आवाज बसला. "सर्दी," म्हटलं.

मग नाव सांगितलं. सर म्हणाले, "बरं." एवढंच.

१४ मार्च

मला जे वाटलं ते खरं की सरांना वाटलं ते? सरांनी आयुष्यभर हेच केलं. कोण मनापासून गातंय आणि कोण गाण्याचं सोंग करतंय, हे त्यांना बंद डोळ्यांनी कळतं. त्यांना तर माहीतही नव्हतं कुणाचं गाणं आहे! मग त्यांच्या सांगण्यात भेसळ कुठून असणार? भेसळ असली तर माझ्यात.

म्हणजे ती माझ्याबरोबर एकाच खोलीत होती, पण राहत नव्हती.

१६ मार्च

संपादकांचा फोन. "तुझ्या सरांचं पाल्हाळ जागेत मावत नाही रे. चार ओळी छाट."

सरांना विचारलं. म्हणाले, "तू ठरव."

असं ते कधीच म्हणत नाहीत! स्वल्पविरामही मला विचारू देत नाहीत. पुन्हा विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुठलीही काप, मुंगी. मला चालेल."

सकाळभर कागद पुढ्यात. 'ती' ओळ काढली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण मला ती बोचते म्हणून काढायची? मग वेष्टणं काढायला मी कशाला? उद्या माझ्या ओळखीचं कुणी आलं की एक ओळ, परवा दुसरी!

तबल्याच्या चार ओळी कापल्या. तबलजींची मनातल्या मनात माफी मागितली.

सरांना दाखवलं. त्यांनी कागद नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. "बरं," म्हणाले. आवाज थकलेला वाटला.

२२ मार्च

अंक आला. छपाईत एकही चूक नाही.

२ एप्रिल

तिचा कार्यक्रम आहे इथे, छोट्या सभागृहात. जाणार नाही.

५ एप्रिल

गेलो. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला.

एक ते पाच गायली. मग पाणी प्यायली आणि सातवं सुरू केलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कडी!" तिने हार्मोनियमवाल्याला हाताने थांबवलं. म्हणाली, "ते आता गात नाही मी. एका मोठ्या जाणकारांनी लिहिलंय, मी त्या घरात राहिलेच नाही म्हणून. आता घरमालकानेच सांगितल्यावर काय करायचं!" सगळे हसले. तीही हसली. मग हार्मोनियमच्या सुरात सूर मिळवायला तिला जरा वेळ लागला.

मी मध्यंतराआधीच निघालो. तिलाही पटलंय म्हणजे संपलं. राहिली असती तर भांडली असती. भांडायला ती कधी मागे हटली नाही — पांघरुणावरून, खिडकी उघडी की बंद यावरून, सगळ्यावरून भांडायची!

घरी आलो. कडी लावली. परत उठून बघितली नाही.

६ एप्रिल

सरांना सांगितलं. मुद्दाम नाही, काकूंनीच विचारलं, "काल कुठे होतास, कपडे बरे घातले होतेस?" म्हणून कार्यक्रमाचं सांगितलं. ती आणि मी, तेही निघालंच. काकूंनी तोंडाला पदर लावला. मग तिने 'कडी' गायचं सोडल्याचं सांगितलं. "तुमचं पटलंय तिला, सर," म्हटलं.

सरांनी हातातली बशी खाली ठेवली. "सोडलं? पार सोडलं?"

"हो."

"आज काम नको. घरी जा," म्हणाले. नवा अल्बम पाकिटातच राहिला.

७ एप्रिल

सर दारातच उभे होते. आत येऊ न देताच बोलायला लागले.

"तुझं बोट ऐकू आलं मला, मुंगी. पहिल्याच ऐकण्यात. ती थांबायच्या आधी तुझं बोट थांबलं. न ऐकलेल्या गाण्यात माणूस कुठे थांबायचं ते कसं ओळखेल? तेव्हाच कळलं मला." मग म्हणाले, "गाणं खरं आहे. अगदी खरं. ओळ मी तुझ्यासाठी घातली. वाटलं, एकदाच काय ते दुखेल आणि सुटशील. मग राहवेना, म्हणून काप म्हटलं — वाटलं तीच कापशील."

आत काकू रडत होत्या.

मी चपला काढल्या. आत जाऊन नव्या अल्बमचं वेष्टण काढलं.