सहासष्ट फुटांचं अर्धं

माकणी,
१२ नोव्हेंबर २०२४

तू रोवलेले हद्दीचे दगड म्या काल उपटले. चारही. कुणाची पहार मागितली न्हाय, खुरप्यानं उकरले आणि तुझ्या बाजूला ओळीनं मांडून ठेवलेत. मोजून घे. आता आशीर्वाद.

चि. शंभुलिंगास शरणम्माकाकूचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे बरे. फोन करत न्हाय, कारण फोनवरचं बोलणं तू दुसऱ्या दिवशी विसरतोस.

तुझ्या आजोबांची रस्त्याकडची जागा सहासष्ट फूट लांब, सहासष्ट फूट रुंद. अर्धी तुझी, अर्धी माझी, हे चार माणसांत ठरलं. म्या म्हणत होते, मधून दोरी धर, दोन पट्ट्या पाड. तूच म्हणालास, पट्टीला काय शोभा, कोपऱ्यात सुरेख चौकोन काढून देतो. आणि म्या येडशीला लेकीकडं गेलेली बघून तेहेतीस बाय तेहेतीस आखून गेलास.

हे अर्धं न्हाय, चौथाई हाय. म्या दुसरीतून उठलेली बाई, पण पन्नास वर्षं वाकळ शिवते. मोठ्या माणसाची वाकळ लांबीला निम्मी, रुंदीला निम्मी केली की पाळण्यातलं दुपटं होतं. तसली चार दुपटी एका वाकळीत निघतात. तू मला दुपटं दिलंस.

आमी वाकळी शिवणाऱ्या बारा जणींनी चाळीस फुटी शेडचे पत्रे आणून ठेवलेत. देवळाच्या ओट्यावरून आम्हाला उठवलंय. संक्रांतीच्या आत शेड उभी न्हाय राहिली तर पुण्याच्या दुकानाचं काम जातंय. तेहेतीस फुटांत चाळीस फूट कसे बसवायचे, ते लिही. दोन डिसेंबरला लोहाऱ्याच्या ऑफिसात चौथाईच्या कागदावर म्या सही करणार न्हाय.

माया हाय तेवढी राहू दे. दगड तेवढे घेऊन जा.

तुझी काकू,
शरणम्मा

•

सोलापूर,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. काकूंना शंभुलिंगचा शरणु-शरणार्थी नमस्कार. वि. वि. पत्र मिळाले. वाचून तुमच्या सूनबाई राजेश्वरीला वाईट वाटले, मला हसू आले.

काकू, सहासष्टचे अर्धे तेहेतीस. चौथीतला पोरगाही हेच सांगेल. लांबीचे अर्धे केले, रुंदीचे अर्धे केले, कुठेही कमी केले नाही. या वयात तुम्ही आकड्यांच्या मागे लागू नका, डोळ्यांना त्रास होतो. शेड थोडी छोटी करा. तुम्हाला मी कधी उपाशी ठेवले आहे का?

एक सांगायचे राहिले. मोजणीसाठी गाडी घेऊन आलो होतो. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, बारा रुपये दराने चोवीसशे झाले. जागा दोघांची, म्हणून खर्चही अर्धा-अर्धा. तुमच्याकडे बाराशे निघतात. घाई नाही.

साक्षीदार म्हणून तुमच्या नातीची, आपल्या श्रीदेवीची सही घेतो. ती इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याला आहे, म्हणजे तुमचीही शंका राहणार नाही.

माझ्यावरचा राग फार दिवस धरू नये, ही विनंती.

आपला,
शंभुलिंग

•

धाराशिव,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आज्जीस, श्रीदेवीचा नमस्कार.

तुझं कार्ड आणि चौकोनी कापड मिळालं. तू लिहिलंस तशी चारही टोकं मध्यावर दुमडली. आतला चौकोन बरोबर अर्धा येतो, तुझं खरं आहे. मग वहीत केलं. सहासष्टचा वर्ग चार हजार तीनशे छप्पन्न. त्याचं निम्मं दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर. आता कुठल्या संख्येचा वर्ग एवढा होतो ते शोधायचं, म्हणजे वर्गमूळ. सेहेचाळीसचा वर्ग कमी पडतो, सत्तेचाळीसचा जास्त होतो. मधे सेहेचाळीस फूट आठ इंच येतात. तुझी बाजू तेवढी हवी. शेड बसेल.

आज्जी, काकांचा फोन आला होता. तेहेतीसच्या कागदावर सही कर म्हणाले. या वर्षीची हॉस्टेलची फी त्यांनीच भरलीय, हेही मधेच बोलून गेले. मी अजून हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला भीती वाटते. काय करू ते लिही.

माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
श्रीदेवी

•

माकणी,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. शंभुलिंगास आशीर्वाद, आणि त्यापुढं हे.

श्रीदेवी सही करणार न्हाय. तिला तसं कळवलंय. फी भरलीस, उपकार झाले, गावात चार ठिकाणी सांगेन. पण फी तिच्या खोलीची भरलीस, तिच्या अकलेची न्हाय. पुढच्या वर्षीची आमी बारा जणी वाकळी शिवून भरू.

आता तुझे बाराशे. अंतर दोनशे, दर बारा, चोवीसशे. त्याचं अर्धं करताना तू बाराशे काढलेस. बरोबर काढलेस. पण जागेला लावलास तो कायदा इथं का न्हाय लावलास? लांबी निम्मी, रुंदी निम्मी. मग अंतर निम्मं शंभर, दर निम्मा सहा. सहाशे होतात. तुझ्याच हिशोबानं सहाशेची मनीऑर्डर आज केली. कमी वाटले तर जागा परत मोजायला ये, उरलेले सहाशे त्याच दिवशी हातावर ठेवते.

फसवलंस असं म्या म्हणत न्हाय. चुकलास म्हणते. तुला तेच जास्त लागेल, हे ठाऊक हाय.

सोबत कापड धाडलंय. टोकं मध्यावर आणली की सगळीकडं दोन पदर होतात, कुठं एक न्हाय, कुठं तीन न्हाय. ते अर्धं. तुझ्यासारखं आडवं निम्मं, उभं निम्मं दुमडलं की चार पदर होतात. पदर मोजायला शाळा लागत न्हाय. दुसऱ्या कापडावर सेहेचाळीस फूट आठ इंच टाक्यांनी लिहिलेत, शाई पुसली जाते म्हणून.

दोन तारखेला लोहाऱ्याला या मापाचा कागद आण, तिथंच सही करते. जुना आणलास तर म्या माघारी येऊन जागेच्या त्याच कोपऱ्यात बाज टाकून बसेन, आणि बारा जणी माझ्याभोवती शिवायला बसतील. मोजणीदाराला दोरी आमच्या डोक्यांवरून न्यावी लागंल.

घरातल्यांना आशीर्वाद. लोभ ठेव, पण मापात ठेव.

तू उत्तर लिहू नकोस. तुझी बायको दहा वर्षं ब्लाउज शिवते, कापड कुठं कमी पडतं ते तिला कळतं. कापड राजेश्वरीच्या हातात दे, तिला घडी घालू दे, आणि उत्तर तिनंच लिहायचं.

शरणम्मा