पहिल्या पानावरची वेळ

१४ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस ते बरोबरच आहे. फोनवर मी गप्प बसतो आणि तू पलीकडून माझा श्वास ऐकत बसतेस, त्यापेक्षा कागद बरा. तू विचारलंस म्हणून सांगतो, मला काही वाटत नाही. ही जाऊन तीन महिने होतील. सकाळी उठतो, दाढी करतो, कॉलेजात जातो, वर्गात तुळईची गणितं सोडवतो आणि ती चुकत नाहीत. जेवणाला चव नसते, पण ताट संपतं.

काल विभागप्रमुखांनी बोलावलं होतं. शेवटच्या वर्षाला ही ‘इमारती का पडतात’ हा विषय शिकवायची, त्याचं काय करायचं असं त्यांनी विचारलं. महिनाअखेर कुणीतरी नवा अभ्यासक्रम लिहून दिला तर विषय राहील, नाहीतर बंद होईल आणि त्या जागी संगणकाचा काहीतरी विषय येईल. मी लिहून देतो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

आता तिचा गेल्या वर्षीचा अभ्यासक्रम समोर घेऊन बसलोय. त्यात चार आठवडे नुसत्या काचपट्ट्यांना दिलेत. तुला ठाऊक आहेच ते प्रकरण. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायची आणि तारीख घालायची. भेग अजून सरकत असेल तर काच तुटते, नाहीतर तशीच राहते. मुलं रोज जाऊन बघायची आणि बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं. मी म्हणायचो, चार आठवडे मुलांना भिंतीकडे बघत उभं करतेस, तेवढ्यात मी त्यांना अर्धं पुस्तक शिकवीन. ती म्हणायची की बघत उभं राहणं हाच धडा आहे. पंचवीस वर्षं आम्ही यावरून जेवताना भांडलो. आता भांडायला कुणी नाही, तेव्हा ते आठवडे वगळावे म्हणतो.

तू येऊ नकोस. आलीस तरी मी तुझ्याशी बोलेन असं नाही, आणि तुझे गुडघे दुखतात. भावोजींना नमस्कार सांग.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
ठोकळ्या

२० जून

चि. ठोकळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भावोजी म्हणाले की चौकशी समितीचा अहवाल वाटतो. मी म्हटलं, आमच्याकडे हा लहानपणापासून असाच आहे, झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही याने आधी आईला किती वाजले ते विचारलं होतं. उगाच नाही तुला ठोकळ्या म्हणत.

वहिनीची एक काचपट्टी माझ्याकडेही आहे. स्वयंपाकघरात खिडकीच्या वर भेग होती. मी घाबरून घर विकायच्या गोष्टी करत होते, तेव्हा तिने स्टुलावर चढून ती लावली आणि मला म्हणाली की ताई, ही तुटली तर घाबरायचं, तोवर स्वयंपाक करा. आठ वर्षं झाली. भांडी विसळताना मान वर केली की ती दिसते. आता तिच्याकडे बघितलं की मला रडू येतं, आणि मी खुशाल रडते.

आता तुझ्या अभ्यासक्रमाचं. जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं, पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर माझंही डोकं पिकलंय. ते आठवडे तुला खरंच फुकट वाटत असतील तर काढ. तिचं म्हणून देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं ठेवू नकोस, तिलाच ते आवडलं नसतं. पण तिच्याशी भांडून काढ. आत्ता तू भांडत नाहीयेस, नुसता हात झटकतोयस. काहीच वाटत नसताना माणसाने कुणाचं काही खोडू नये, असं मला वाटतं.

गुडघ्यांचं मला सांगू नकोस, ते माझे आहेत. बोलाव, की निघाले.

जेवत जा आणि बहिणीला विसरू नकोस.
तुझी,
ताई

२० जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर उत्तर लिहिलं नाही, माफ कर. अभ्यासक्रम दिला आणि तो मंजूरही झाला. काचपट्ट्या काढल्या आणि त्या जागी गणितं घातली. विभागप्रमुख म्हणाले की आता विषय सुटसुटीत झाला. विषय वाचला, एवढं तरी झालं. तुझं ऐकलं नाही. भांडण काही जमलं नाही.

पण एक घोळ करून बसलोय. आतली पानं मी नवी लिहिली आणि पहिलं पान तिचंच ठेवलं, फक्त तिच्या नावाच्या जागी माझं नाव घातलं. खाली तिची ओळ तशीच राहिली : शंका विचारण्याची वेळ बुधवारी दुपारी, खोली चौदा, दार वाजवू नका, सरळ आत या. ते पान तीनदा तपासलं. त्या ओळीवरून डोळा फिरला तरी काही खटकलं नाही. इतकी वर्षं बुधवारी दुपारी ही तिथेच असायची, तर चूक दिसणार कशी?

काल बुधवार होता. कारकून सांगत आला की चौदा नंबरच्या खोलीबाहेर मुलं फरशीवर बसलीत. मी तिच्या खोलीत बसायला लागलो असेन असं त्यांना वाटलं होतं. दार ढकललं तर कुलूप, म्हणून वाट बघत बसली. त्यांना फार काही नको होतं, काचा कधी लावायच्या एवढंच हवं होतं. गेल्या वर्षीच्या मुलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. ते यंदा काढलंय असं मी म्हणालो. एका मुलीने का म्हणून विचारलं. वेळ कमी पडतो, हल्ली यंत्रं आली आहेत, काहीही सांगता आलं असतं. किल्ली खिशात असून मी त्यांना माझ्या खोलीत घेऊन गेलो. ही गेल्यापासून मी ते दार उघडलेलं नाही.

आहे हे असं आहे. गोड मानून घे.
तुझा,
ठोकळ्या

२५ जुलै

चि. ठोकळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लांबलचक लिहीत नाही. एकतर ती ओळ खोड, नाहीतर दार उघड. मुलांना फरशीवर बसवू नकोस. वहिनी असती तर आधी तुला रागावली असती आणि मग त्यांच्यासाठी खुर्च्या मागवल्या असत्या.

मी येऊ का, हे शेवटचं विचारते. पुन्हा विचारणार नाही म्हणते, पण विचारीन.

आशीर्वाद आहेतच.
तुझी,
ताई

३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दार उघडलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी उघडलं, पण लिहायला आज बसलो.

खोलीत कोंदट वास होता. टेबलावर तिचा कप होता, तळाशी चहा वाळून काळा झालेला. चष्म्याचं घर होतं. खालच्या खणात बिस्किटांचा डबा सापडला आणि त्यात काचपट्ट्या, यंदाच्या वर्गाला पुरतील एवढ्या कापून ठेवलेल्या. आजारी पडायच्या आधीच करून ठेवल्या असणार. एकेकीची कड पॉलिश पेपरने घासलेली होती, मुलांची बोटं कापू नयेत म्हणून. सगळ्या कडांवरून मी बोट फिरवलं. एकही टोचली नाही.

तू म्हणशील, रडलास ना. नाही रडलो. राग आला. ताई, इतका राग आला की मी डबा टेबलावर आपटला. हिने मला न विचारता पुढच्या वर्षाच्या काचा कापून ठेवल्या, आणि पुढचं वर्ष माझ्या गळ्यात टाकून निघून गेली. मी त्या रिकाम्या खोलीत मोठमोठ्याने बोलत होतो. तास किती, पोर्शन किती, चार आठवडे आणायचे कुठून, सगळं विचारून घेतलं. कारकून दारात येऊन, मला बघून, तसाच मागे फिरला. शेवटी बोलायचं संपलं, मुद्देही संपले, आणि मग मात्र रडू आलं. बराच वेळ आलं. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखंच वाटतंय, म्हणजे काही वाटत नाही. पण त्या रात्री आमटी खारट झाली होती ते मला कळलं.

विभागप्रमुखांकडे जाऊन काचा परत घालायच्या म्हणालो. मंजूर अभ्यासक्रम वर्षभर बदलता येत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बदलू नका. पहिल्या पानावर बुधवारची वेळ आहे आणि तीही मंजूर आहे, काचा त्या वेळात लावू. त्यांनी ते पान उघडून वाचलं आणि मिटून माझ्या हातात दिलं.

काल मुलांनी ग्रंथालयाच्या जिन्यापासून सुरुवात केली. प्लास्टर पातळ झालं, निम्म्या पट्ट्या घसरल्या आणि एकीवर तारीखच चुकली. मला अजूनही वाटतं की चार आठवडे जास्तच आहेत. पुढच्या वर्षी दोन करीन, आणि त्यावरून तिच्याशी पुन्हा भांडेन.

ती ओळ खोडली नाही. कप विसळून ठेवलाय.

तू ये. बुधवारी आलीस तर घरी जाऊ नकोस, कुलूप असेल. कॉलेजात चौदा नंबरची खोली विचार. दार वाजवू नकोस, सरळ आत ये.

वाट बघतो.
तुझा,
ठोकळ्या