चार आण्यांखालचा आवाज

प्रिय आबा,

जयभीम.

तुम्ही हे वाचणार नाही, हे मला माहीत आहे. गेलेलं माणूस कुठंतरी बसून आपली वाट पाहतं, ही गोष्ट तुम्हीच घरात कधी मानू दिली नाही. आजी गेली तेव्हा कावळ्यासाठी ताट मांडायला आलेल्या शेजारणीला तुम्ही हात जोडून परत पाठवलं होतं. तरी आज लिहायला बसलोय. कारण सकाळी अकराच्या सुमाराला मी तुमचा आवाज ऐकला, आणि ही गोष्ट ज्याला सांगावी असा माणूस तुम्ही एकटेच आहात.

त्या रेकॉर्डवर ऐकला. तीच, लहानी, लाल लेबलची. वर शाहिरांचं नाव आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि पार्टी’.

‘त्या पार्टीत मी हाय,’ असं तुम्ही येईल त्याला सांगायचा. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा शाहीर तुम्हाला मुंबईला घेऊन गेले. एका बंद खोलीत सगळ्यांना एकाच मायकापुढं उभं केलं. उकाडा इतका, की ढोलकीवाल्यानं सदरा काढला. गाणं एका दमात झालं आणि परत येताना प्रत्येकाच्या हातात एकेक रेकॉर्ड. मार्केट यार्डात दिवसभर कांद्याच्या गोण्या वाहून आलेला माणूस ही हकीकत सांगायला लागला की त्याची पाठ सरळ व्हायची. मी लहान होतो, तरी ते मला दिसायचं.

आणि ती रेकॉर्ड आपणच खराब केली, आबा. तुम्ही आणि मी.

जयंतीला वस्तीच्या चौकात तुम्ही बाजेवर पेटीतला प्लेअर मांडायचा. पोरं नाचायला लागली की बाज हलायची, बाज हलली की सुई उडायची. मग तुम्ही चार आण्याचं नाणं घेऊन ते चिकटपट्टीनं सुईच्या डोक्यावर बसवलं. सुई उडायची थांबली. नाणं धरायचं काम माझं, चिकटपट्टी लावायचं तुमचं. शाळेत मी पोरांना सांगत होतो, आमच्या आबांनी सुईला नाल ठोकलीय. ते नाणं सुईला खाली दाबत होतं आणि दरवर्षी रेकॉर्डची रेघ थोडी थोडी खरवडत होतं, हे ना तुम्हाला माहीत होतं, ना मला.

मी शहरात नोकरीला लागलो, चिकलठाण्यात घर केलं, तुम्हाला आणि आईला घेऊन आलो, तोवर गाण्यात खरखरीशिवाय काही उरलं नव्हतं. शाहिरांचा आवाज पत्र्यामागून आल्यासारखा. कोरस तर गिरणीच्या घरघरीसारखा. तुम्ही कान स्पीकरला लावून बसायचा.

‘आता येतंय बघ. आता... गेलं. ऐकलंस?’

‘काय ऐकू आबा? दळण चाललंय नुसतं.’

‘दुसऱ्या कडव्याला हाय मी. नीट कान दे.’

मी कान दिला नाही. माझं कामच असं, की कारखान्यात भिंगाखाली भाग धरायचा, मापात बसला नाही तर त्याच्यावर लाल खूण करायची. केसाच्या जाडीएवढ्या फरकासाठी मी ट्रेच्या ट्रे परत पाठवलेत. ज्याचा पुरावा नाही ते खरं धरायचं नाही, ही सवय मी घरीही घेऊन आलो.

आता ते लिहितो, जे वर्षभर टाळलं.

आमचे साळवे साहेब पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला आले होते. मला बढती मिळाली होती म्हणून. जेवणं झाल्यावर तुम्ही ट्रंकेतून रेकॉर्ड काढून आणलीत आणि त्यांच्यापुढं धरून मुंबईची हकीकत सुरू केलीत. साहेब ऐकत होते, पण मलाच लाज वाटायला लागली. कशाची, ते आजही नीट सांगता येणार नाही. मी म्हणालो, ‘आबा, पुरे आता. लेबलावर नाव शाहिरांचं. पार्टीत कुणीबी असू शकतं. तुम्ही व्हता का नव्हता, कुणाला कळतंय?’

साहेब हसले. मी हसलो. तुम्हीही हसलात. ‘व्हय, ते बी खरंच की,’ म्हणालात, आणि रेकॉर्ड घेऊन आत गेलात.

त्या दिवसानंतर तुमच्या तोंडून मुंबईचं नाव निघालं नाही. आठ वर्षं. मला वाटलं, विसरले असतील. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, असं मी तुमच्या सुनेला, रेखाला म्हणालोसुद्धा. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी चुकलेला असतो, हे एव्हाना मला कळायला पाहिजे होतं.

तुम्ही गेल्यावर आईनं ट्रंक उघडली. रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली होती. आणि अभ्र्याच्या कोपऱ्यात गाठ मारून तेच नाणं. पट्टीचा चिकट डाग अजून त्याच्यावर होता.

येत्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय, घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. त्या दिवशी ही रेकॉर्ड लावावी असं माझ्या मनात आलं. मी जुनी टर्नटेबल घेतली होती ती तुम्हाला आठवत असेल. तुम्ही असताना मी तिच्यावर सगळी गाणी लावली, ही एक सोडून. तुम्हीही कधी लाव म्हणाला नाहीत. आता लावली तर तेच, दळण. म्हणून टर्नटेबल आणि रेकॉर्ड पिशवीत घालून उस्मानपुऱ्याला शफीभाईंकडं गेलो. ज्यांच्याकडून मशीन घेतली ते. तुम्ही एकदा माझ्याबरोबर आला होतात आणि त्यांच्या दुकानात दोन तास रेडिओच्या गप्पा मारत बसला होतात.

त्यांनी रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली, बोट न लावता पाहिली आणि मान हलवली.

‘इस पे सिक्का रखते थे ना?’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘सबी रखते थे भाई. हमारे अब्बा तो आठ आना रखते थे.’

मग माझ्या मशीनची जुनी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, काढून त्यांनी माझ्याच हातावर ठेवली. म्हणाले, ‘इस सुई का मुंह गोल है. जहां घिसा है, उसीच जगह बैठती. ये दूसरी बारीक है, खाली उतरेगी. नीचे की दीवार बची होगी तो बोलेगी. नै बची तो अल्ला मालिक.’

बारीक सुई रेघेत आणखी खाली जाते, जिथं नाण्याच्या माराखालची जुनी सुई कधी पोचलीच नव्हती. हे मला लगेच पटलं. भिंगाखाली मी रोज हेच पाहतो. वरून झिजलेल्या खाचेचा तळ पुष्कळदा शाबूत असतो. मग घरातल्या माणसाच्या बाबतीत मला हे का सुचलं नाही, आबा?

नवी कार्ट्रिज मी घरीच बसवली. निघताना शफीभाईंनी बजावलं होतं, ‘वजन मत बढ़ाना, समझे? डर लगेगा तो भी नै.’

आज सकाळी वंदना झाली, तुमच्या फोटोपुढची मेणबत्ती तशीच जळत ठेवली आणि बसलो. चार तारा मुंगीच्या पायासारख्या. लाल, पांढरी, निळी, हिरवी. त्या चिमट्यानं नव्या कार्ट्रिजच्या पिनांवर चढवल्या. मग रेकॉर्ड धुतली. पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, गोल गोल, रेघेच्या दिशेनं. फडक्यावर काळपट माती आली. आपल्या चौकातलीच असणार, दुसरी कुठली? ते फडकं मी अजून धुतलेलं नाही.

मग सुईचं वजन लावायला बसलो आणि गंमत बघा. सांगितल्यापेक्षा मी ते थोडं जास्तच लावलं. उडू नये म्हणून. हात तुमचाच ना. रेकॉर्ड फिरायला लागली, मी सुई टेकवायला नेली आणि माझं मलाच कळलं की मी परत नाणं ठेवतोय. थांबलो. वजन सांगितल्याइतकं केलं. सुई टेकवली.

पहिल्यांदा तर खरखर वाढलीच. चांगली सुई ओरखडेही चांगले ऐकवते. माझी आशा मावळली. दाराशी आई मेथी निवडत होती, ती म्हणाली, ‘व्हतं ते बी गेलं का रं?’

मग ढोलकी आली. नुसती धपधप नाही, बोटं आली. शाहिरांनी ओळीच्या आधी घेतलेला श्वास आला. आणि त्यांच्यामागं कोरस. इतकी वर्षं ती एक भिंत होती, आबा. आज तिची माणसं झाली. एकाचा आवाज घोगरा, एकाचा नाकातून, एक कोवळा.

दुसरं कडवं आलं. शाहिरांनी ओळ सोडली. आणि सगळ्यांच्या आधी, श्वासभर आधी, एकानं ती उचलली.

माझा हात आपोआप बाजूला गेला. तुमचा गुडघा दाबायला.

तिथं सोफ्याची उशी होती.

दर पौर्णिमेला विहारात हेच व्हायचं ना. त्रिशरण सुरू झालं की सगळ्यांच्या आधी तुमचा आवाज. पुढं बसलेल्या पोरी खुदकन हसायच्या आणि मी खाली मान घालून तुमचा गुडघा दाबायचा. ‘आबा, थांबा. सगळ्यांबरोबर.’ तो आधी येणारा आवाज मी आयुष्यभर दाबत आलो, मग तो मला ओळखू कसा येणार नाही? भिंगाची गरज नव्हती. माझ्या हाताला तो पाठ होता.

‘परत लाव,’ आई म्हणाली.

परत लावली. ती मेथीची जुडी हातात धरून आत आली आणि बऱ्या कानाची बाजू स्पीकरकडं करून उभी राहिली. ते कडवं आलं आणि गेलं.

‘हेच की ते,’ ती म्हणाली. ‘दुसरं कोण असतंय?’

‘आबा तिथंबी थांबले नाहीत म्हणायचं,’ रेखा हळूच म्हणाली.

‘थांबून कसं भागंल?’ आई एकदम चिडली. ‘त्यांचं कामच व्हतं ते. शाहिरानं ओळ सोडली की झील धरायची. एकानं आधी उचलायची, मंग बाकीचे त्याच्या मागनं. एकानं उचलली नाय तर दहा जण एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसत्यात. शाहीर म्हणायचे, तू हायेस तवर मला माघारी वळून बघावं लागत नाय.’

मी विचारलं, ‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’

‘तू कधी इचारलंस?’

आबा, तुम्ही तरी सांगायचं होतं. विहारातून येताना वाटेत, किंवा गुडघ्यावरचा माझा हात बाजूला सारून. ‘गप रं, ही माझी सवय नाय, माझं काम हाय,’ एवढं म्हटलं असतंत तरी पुष्कळ होतं. पण मी गुडघा दाबला की तुम्ही गप्प व्हायचा. पुढं पुढं तर मला दाबावंही लागलं नाही. शेवटची दोन वर्षं विहारात तुमचे फक्त ओठ हलायचे. आणि मला वाटत होतं, आबांना आता वळण लागलं.

आज सगळ्यात जास्त हेच खातंय मला. साहेबांपुढची गोष्ट एका दिवसाची होती. ही दर महिन्याची.

दोनदा ऐकून रेकॉर्ड उचलून ठेवली. कितीही बारीक सुई असली तरी प्रत्येक फेरीला थोडं काहीतरी घेऊन जातेच, असं शफीभाई सांगतात. रोज ऐकावीशी वाटेल हे मला माहीत आहे. पण ऐकणार नाही. आपण दोघांनी तिला पुष्कळ दाबलंय. नाणं तुमच्या फोटोच्या चौकटीमागं ठेवलंय.

आता शब्द देतो.

रविवारी साळवे साहेबांना बोलावलंय. ते आता निवृत्त झालेत, तरी येतो म्हणाले. सगळे जमल्यावर मी रेकॉर्ड लावीन आणि दुसऱ्या कडव्यापाशी उभा राहून सांगीन की हे माझे वडील आहेत, आणि मी त्यांना याच घरात, याच साहेबांपुढं खोटं पाडलं होतं. माझा आवाज कापेल. कापू दे.

आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात तुमच्या जागेवर बसेन. त्रिशरण सुरू व्हायच्या आधी ती एक क्षणभराची शांतता असते बघा, सगळे एकमेकांची वाट बघत असतात. तेव्हा मी थांबणार नाही. पोरी हसल्या तर हसू देत. माझा सूर तुमच्यासारखा नाही, मला माहीत आहे. पण आधी मी उचलीन, आबा. बाकीचे मागून येतील.

उशिरा कान दिलेला,
तुमचा मिलिंद