जिवंत ठिगळ

शुक्रवार, दि. १७
वॉर्डातली खिडकीजवळची खाट

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? मशिनीवर फार वेळ बसू नकोस.

माझं म्हणशील, तर बोलणं बंद. जन्मभर गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की देतो' म्हणणारी जीभ गाठीपायी अर्धी गेली. तिच्या जागी मांडीचं मांस लावलं. मी पाटीवर लिहिलं, 'म्हणजे ठिगळच की!' डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "ठिगळच, पण जिवंत. त्याची रक्तवाहिनी मानेत जोडलीय. मानेला काही आवळायचं नाही."

रविवारी तू आलास. नऊ वर्षांनी. तुझ्या दुकानासमोर मी वेगळं दुकान मांडलं, तेव्हा तू म्हणाला होतास, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." आणि आता दाखवायचं ते असलं, सुजलेलं, लाळ गळणारं! लाज वाटली रे.

मानेभोवतीच्या मफलरची गाठ आवळली गेली, रक्त पोचेना, आणि रात्रीतून ठिगळ काळं पडलं. सोमवारी काढून टाकावं लागलं. तू धावत आलास आणि सगळ्या वॉर्डादेखत हिच्यावर ओरडलास, "शिंप्याची बायको ना तू? गाठ किती आवळायची तेवढंही कळत नाही?" ही खाली मान घालून म्हणाली, "चुकलंच माझं, भाऊजी."

दादा, तो मफलर मी बांधला होता. ही औषधं आणायला खाली गेली होती. हे तोंड तुला दिसू नये आणि मफलर घसरू नये म्हणून मीच तो हनुवटीवरून मानेभोवती दोन वेढे घेऊन आवळला. ही आली, सोडायला लागली, तर मी तिचा हात झटकला. 'दादा जाईपर्यंत' असं पाटीवर लिहिलं. मला वाटलं, तू पाच मिनिटांत उठशील. तू दोन तास बसलास. लहानपणीचं काय काय काढलंस. मान ठणकत होती, पण मला इतकं बरं वाटत होतं की गाठीला हात लावावासाच वाटला नाही.

हिला नंतर पाटीवर विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "इतक्या वर्षांनी दोघं भाऊ एकत्र आलात. त्यात मी कशाला मोडता घालू?"

तेव्हापासून ती धड जेवलेली नाही. आणि मी चार दिवस पाटी हातात धरून गप्प बसलोय. भित्रा तो भित्राच.

हे पत्र आजच हातोहात पाठवतोय, कारण उद्या सकाळी आठ वाजता मला पुन्हा आत नेतील. आता छातीचं मांस लावणार. टिकेलच असं डॉक्टरीणबाई या वेळी म्हणाल्या नाहीत.

ही बाहेरच्या बाकावर एकटीच असेल. तू ये, आणि आल्याआल्या तिची माफी माग. त्यासाठी मी बाहेर येईपर्यंत थांबू नकोस.

तुझा अपराधी, आणि त्याहून जास्त तिचा,
धाकटा