वरच्या धरणापाशी

३ मे, शनिवार
ब्रॅकनेलहून निघायलाच उशीर. बँक हॉलिडे, मोटरवेवर गाड्याच गाड्या. बाबा पुढे बसून वेल्श पाट्या मोठ्याने वाचत होते, प्रत्येक वेळी वेगळा उच्चार. हसताना माझं गाडीवरचं लक्ष जाईल म्हणून शेवटी आईने त्यांना गप्प केलं.
कॉटेज लहान पण स्वच्छ. खाली नदी, समोर ओकचं रान, त्याच्या वर उघडा डोंगर. व्हॅलीत एकामागून एक दगडी धरणं. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नागपूरला बसून गेली कित्येक वर्षं या धरणांचे फोटो बघतायत. संध्याकाळी पहिल्या धरणावर नेलं. भिंतीच्या सगळ्या रुंदीवरून पाणी खाली येत होतं. मला वाटलं आता लेक्चर मिळणार. पण ते पुढे झाले. ओल्या दगडावर हात ठेवून उभे राहिले.
आईला थंडी वाजत होती. उद्या वरचं धरण, मग ते लाल घारींना मांस टाकतात ते फार्म. वेळ उरला तर धबधबा.
जेवताना बाबांनी दोनदा विचारलं, सौरभ कुठे गेला. सौरभ, माझा भाऊ, पुण्यात असतो, तो या ट्रिपला आलेलाच नाही. आई म्हणाली, प्रवासाने थकलेत.

५ मे, सोमवार
काल लिहिणं शक्य नव्हतं. बाबा सापडत नाहीयेत.
नीट लिहिते. पोलिसांना इतक्यांदा सांगितलंय की क्रम पाठ झालाय. वरच्या धरणाशी पोचलो. आईला टॉयलेटला जायचं होतं, रांग मोठी, म्हणून मीही तिच्याबरोबर. बाबा कठड्याशी उभे होते, म्हणाले, "या तुम्ही, मी पाहून राहिलो." परत आलो तर कठड्याशी दुसरीच माणसं. आधी वाटलं जुन्या रेल्वेच्या वाटेवर गेले असतील. तिथे आता सायकलींचा रस्ता आहे, सरळ, सपाट. आईला गाडीत बसवून मी त्या वाटेने बरीच पळत गेले. नाही. फोन त्यांनी कॉटेजवरच ठेवलेला.
मग रेंजर, मग पोलीस, मग लाल जॅकेटमधली माउंटन रेस्क्यूची माणसं, कुत्रे. सगळे व्हॉलंटियर, कुणी शिक्षक, कुणी प्लंबर. ढग खाली आले म्हणून हेलिकॉप्टरला परत जावं लागलं.
मेगन नावाची पोलीस आमच्यासाठी नेमलीय. माझ्याएवढीच असेल. तिने विचारलं, त्यांना मेमरीचा काही त्रास? मी म्हटलं, नो, नथिंग. आईने माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाली, "सांग तिला. दीड वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत."
मी ते इंग्लिशमध्ये केलं. माझ्याच तोंडून, पहिल्यांदा ऐकत.

६ मे
पाऊस. डायव्हर्स धरणाच्या कडेकडेने. आम्ही व्हिझिटर सेंटरमध्ये बसून. कॅफेवाली पैसे घेत नाही. लोक आईस्क्रीम खात बाहेर उभे, काहींना माहीत आहे, काहींना नाही. धरणाच्या टूरच्या जाहिरातीशेजारी बोर्डावर बाबांचा फोटो लागला. मीच पाठवला होता, एअरपोर्टवरचा. हसरा फोटो द्यायला नको होता.
सौरभचा व्हिसा होईपर्यंत आठवडे जातील. फोनवर रडला, मग माझ्यावर ओरडला, मग सॉरी म्हणाला.
आईशी त्या गोळ्यांबद्दल बोलले नाहीये. बोलले तर

८ मे
बाबांची टोपी सापडली! पाण्यात नाही, वर, एमिर म्हणून एक शेतकरी आहे त्याच्या कुंपणाच्या तारेत. धरणाच्या पलीकडच्या अंगाला, बऱ्याच उंचीवर. म्हणजे ते धरणावरचा पूल ओलांडून डोंगर चढले. पाण्याकडे गेले नाहीत.
एका म्हाताऱ्या जोडप्यानेही पोलिसांना फोन केला. रविवारी त्या वाटेवर एक इंडियन गृहस्थ भेटले होते, फार सभ्य. खाली पाण्याकडे हात करून काहीतरी विचारत होते. भाषा कळली नाही. त्यांना वाटलं, व्ह्यूचं कौतुक चाललंय. त्यांनी व्हेरी नाइस म्हटलं आणि पुढे गेले.
आई म्हणाली, घरीही असं करायचे. पहाटे शर्ट घालून निघायचे, कालव्यावर जायचंय म्हणून. ती दाराला आतून कुलूप लावायची.
मला हे कुणीच सांगितलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल करत होते मी.

११ मे, रविवार
आठवडा झाला. मेगन आली, टोपी काढून बसली, तेव्हाच समजलं. टीम्स आता रोज येणार नाहीत, वीकेंडला येतील. रात्रीचं तापमान, वय, कपडे, सगळं हळूहळू समजावलं. शब्द बदलले होते. आठवडाभर रेस्क्यू होतं, आज रिकव्हरी, म्हणजे आता मृतदेहाचा शोध.
ती गेल्यावर आईने विचारलं, "रिकव्हरी म्हणजे बरं होणं ना? दवाखान्यात म्हणतात तसं."
मी म्हटलं, इथे शोधाला म्हणतात.
खोटं नाही बोलले. बस, तेवढंच.

१३ मे
कॉटेजमध्ये दुसरं बुकिंग होतं. एमिरच्या शेतात एक जुनी कॅरव्हॅन आहे, त्याने किल्ली दिली. भाड्याचं विचारलं तर नुसती मान हलवली. कमी बोलतो. बायको वारली आहे म्हणे.
ऑफिसला सांगून कंपॅशनेट लीव्ह वाढवली. ब्रॅकनेलला चल म्हटलं की आई उठून सिंकशी जाते. भांडी घासत राहते.

१८ मे, रविवार
कॉव्हेंट्रीहून महाराष्ट्र मंडळाचे लोक आले. तीन गाड्या. त्यातल्या दोघांनाच मी ओळखत होते. नवे कोरे वॉकिंग बूट, हातात काठ्या. रेस्क्यूच्या माणसांनी रांग करून दिली, हाताहाताच्या अंतरावर, आणि नेच्यांच्या रानातून वरपर्यंत चालत गेलो. नेचे गुडघ्यापर्यंत आलेत. मेंढीची हाडं दिसली की सगळे थांबायचे. एक तरुण मुलगी, इथेच जन्मलेली, दर वेळी मला विचारायची, "ताई, तू ओके आहेस ना? तुझा बाबा मिळेल." तिचं मराठी ऐकून रडूच आलं.
सगळ्यांनी डबे आणले होते. कॅरव्हॅनबाहेर बसून पोळ्या-भाजी. लांबून पाहिलं तर वाटलं असतं, पिकनिक आहे.
निघताना देशपांडेकाका आईशी बाजूला बसून बोलले. मंडळात सगळे त्यांचा सल्ला घेतात. वाईट हेतू नव्हता. म्हणाले, वहिनी, मनाची तयारी असू द्या, शास्त्रात अशा वेळी काय करायचं तेही सांगितलेलं आहे. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते हरवलेत, भाऊ. हरवलेल्या माणसाचं काही करत नाहीत. शोधतात."
काकांनी हात जोडले.

२५ मे
मी लॅपटॉप घेऊन व्हिझिटर सेंटरच्या वायफायवर काम करते. समोर टूरिस्टांच्या बसेस. धरणाच्या फोटोसाठी सगळे त्याच कठड्याशी उभे राहतात. माझ्या स्क्रीनवर सॉफ्टवेअरच्या टेस्ट केसेस. काहीही समजत नाही, तरी फेल-पास करत बसते.
आई रोज दुपारी एमिरच्या कुंपणाच्या वरच्या फाटकापर्यंत जाते, जिथे टोपी सापडली. गुडघे दुखतात तरी. मी विचारलं, तिथे काय करतेस? म्हणाली, उभी राहते. मी तिच्याबरोबर गेले नाहीये अजून. एमिर कधी कधी लांबून चार चाकांच्या क्वाड बाइकवर तिच्यामागे जातो, ती खाली उतरेपर्यंत थांबतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भाषाच नाही.

७ जून, शनिवार
भांडण झालं. व्हायचंच होतं.
सौरभने आईचं तिकीट काढलंय, २८ जूनचं. तो नागपूरला येऊन राहील काही महिने. आई म्हणाली, रद्द कर. मी म्हटलं, व्हिसा कायमचा नाही, कॅरव्हॅनमध्ये हिवाळा निघत नाही, मलाही नोकरी आहे. ती म्हणाली, तू जा, मी इथे आहे. मग माझा तोल सुटला. का लपवलंस, मला माहीत असतं तर हात सोडला नसता, इतकं सगळं एका दमात.
तिने सगळं ऐकलं. मग अगदी साध्या आवाजात:
"तुला सांगितलं असतं, तर तू बोलावलंच नसतंस, केतकी. यांना एकदा ही धरणं बघायची होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात तुम्हालाही ओळखणार नाहीत. मग मी कधी आणणार होते?"
नसतंच बोलावलं मी. हे खरं आहे.
ती पुढे म्हणाली, पहिल्या दिवशी ते ओल्या भिंतीशी उभे होते ना, तेव्हा सहलीला आल्यासारखे नाही, कामावर गेल्यासारखे दिसत होते. बऱ्याच दिवसांनी.
मी बाहेर येऊन गाडीत बसले. ती आत स्वयंपाक करत राहिली. जेवायला हाक मारली. गेले.

१९ जून
ब्रॅकनेलला आहे. या आठवड्यात ऑफिसात जावंच लागलं. मेगनचा फोन मीटिंगमध्ये आला. बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन घेतला. वरच्या डोंगरापलीकडे, आम्ही शोधलं त्याच्याही पुढे, दलदलीच्या जागेत एका वॉकरला काहीतरी दिसलं. माणसाचं आहे. याहून जास्त आत्ता सांगता येत नाही. जुनंही असू शकतं. डीएनएसाठी माझ्या गालाच्या आतून कापसाने सॅम्पल घेतील. निकालाला काही आठवडे.
मी विचारलं, आईला सांगितलंत? ती म्हणाली, तुम्ही सांगावं असं वाटलं.
परत येऊन मीटिंगमध्ये बसले. कुणीतरी मला काहीतरी विचारलं, मी येस म्हटलं.

२१ जून, शनिवार
सकाळी निघाले. रस्ताभर वाक्य जुळवत होते, इंग्लिशमध्येच जुळत होतं.
आई कॅरव्हॅनच्या पायरीवर मेथी निवडत होती. कॉव्हेंट्रीहून कुणीतरी पाठवलेली. मला बघताच हात थांबले. मी सगळं सांगितलं, जसं मेगनने सांगितलं तसंच, काही न वगळता. तिने फक्त एक विचारलं, किती लांब सापडलं. मी डोंगराकडे हात केला, पलीकडे म्हटलं. ती म्हणाली, यांना एवढं चालवत नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण कालव्यावर मात्र खूप चालायचे.
सौरभचा मेसेज: तिकिटाचं काय करू? उत्तर दिलेलं नाही.
मेथी तशीच राहिली. आईने विचारलं, "तुला काय वाटतं?"
मी म्हटलं, मला माहीत नाही, आई.
"मलाही नाही," ती म्हणाली. शाल घेतली आणि फाटकाच्या वाटेला लागली. मी गाडीतून बूट काढले, घातले, आणि तिच्या मागून गेले. वर पोचल्यावर ती जिथे उभी राहते तिथे मला तिने जागा करून दिली.